नांवाची पुण्याई
एखादी कथा लोकप्रिय झाली कीं चित्रपट, मालिका, खेळणीं अशीं तिचीं नाना रूपें बाजारांत येतात. परंतु केवळ नांवाच्या पुण्याईवर तीं तगत नाहींत. १९८२ सालीं स्पीलबर्ग यांच्या ‘ई. टी.’ या चित्रपटावरून अटारी कंपनीनें, नाताळ गांठण्यासाठीं, सुमारें पांच आठवड्यांत व्हिडिओ गेम रचविला. मुलांचा हिरमोड झाला. न खपलेल्या कित्येक कॅसेटी १९८३ मध्यें न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांत पुरण्यांत आल्या. उलट, जपानच्या सातोशी ताजिरी यांनीं बालपणींच्या कीटकसंग्रहाच्या छंदांतून १९९६ सालीं ‘पोकेमॉन’ हा गेम घडविला. प्राणी जमवावे, सवंगड्याशीं अदलाबदल करावी, हा त्याचा गाभा. त्याच वर्षींच्या पत्त्यांत व १९९७ च्या दूरचित्रवाणी-मालिकेंत संग्रहाची तीच ओढ राहिली. नांवाला मुलें एकदां भुलतात. रमतात तीं गाभ्यांत.