नवकंकरी : ना फासा, ना पैज

दीपावली ही भगवान महावीरांच्या निर्वाणाची रात्र. परंतु वहीपूजन आटोपले की काही व्यापारी घरांत ‘शकुनापुरते’ म्हणून पत्ते मांडले जातात आणि दहा-वीस रुपये मध्ये ठेवले जातात. वडीलधारी मंडळी हसून दुर्लक्ष करतात. मुले मात्र सारे पाहत असतात. श्रावकाचारात सप्तव्यसनांची गणना द्यूतापासूनच आरंभ होते, याचे स्मरण त्या वेळी क्वचितच कोणाला राहते.

घर एकत्र बसावे, बुद्धीला चालना मिळावी, चुरसही असावी आणि तरी व्रताला बाध येऊ नये, असा एक जुना खेळ आपल्याकडे आहे. त्याचे नाव नवकंकरी. गुजरातीत नवकांकरी, तेलुगू मुलखात दाडी, तर कर्नाटकात साळुमने या नावांनी तो ओळखला जातो. हंपीच्या दगडी फरशीवर त्याचे कोरलेले पट आजही दिसतात.

पट मांडण्यास खडू पुरतो. एकात एक असे तीन चौकोन काढून त्यांच्या बाजूंचे मध्यबिंदू रेषांनी जोडावेत. सर्वांत आतला चौकोन मोकळा ठेवावा. अशा रीतीने २४ जागा तयार होतात. खेळाडू दोन; प्रत्येकाजवळ ९ सोंगट्या. दोन रंगांची बटणेही चालतात. आळीपाळीने एकेक सोंगटी रिकाम्या जागी ठेवायची. एकाच रेषेवर आपल्या तीन सोंगट्या ओळीने आल्या की प्रतिपक्षाची एक सोंगटी उचलता येते. मात्र तिच्या जुळलेल्या ओळीतील सोंगटीला, अन्य सोंगटी उपलब्ध असेपर्यंत, हात लावता येत नाही. साऱ्या सोंगट्या मांडून झाल्या की त्या रेषेवरून शेजारच्या मोकळ्या जागी सरकवायच्या. ज्याच्या दोनच सोंगट्या उरतात किंवा ज्याला चालच राहत नाही, तो हरतो. सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी उरकलेल्या घरात झोपेपर्यंत असे तीन-चार डाव सहज होतात.

नवशिका खेळाडू तीनची ओळ जुळविण्याच्या घाईत कोपरे धरतो. कोपऱ्यातून वाटा दोनच. मधल्या चौकोनाच्या मध्यबिंदूवरून मात्र चार. पहिला लाभ पदरात पडतो, पण पुढे सोंगट्या जागीच अडकतात. भांडवल न विकल्या जाणाऱ्या मालात गुंतले की नफा कागदावर राहतो आणि व्यवहार थांबतो, हे व्यापाऱ्याच्या मुलास निराळे सांगावे लागत नाही. जाणता खेळाडू आधी वाटा मोकळ्या राखतो. मग दोन ओळींच्या मध्ये एक सोंगटी अशी ठेवतो की, ती इकडे सरकली तरी ओळ जुळते आणि तिकडे परतली तरी जुळते.

या खेळात काहीही झाकलेले नसते. दोघांचा हिशेब पटावर उघडा असतो. राल्फ गॅसर या संशोधकाने १९९३ साली संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केले की, दोघेही निर्दोष खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. म्हणजे पराभव येतो तो आपल्याच एखाद्या चालीतून. दैवाला दोष देण्यास येथे जागा नाही. जशी करणी तसे फळ, हे मूल दहा मिनिटांत अनुभवते.

तथापि केवळ फासा नाही म्हणून खेळ निर्दोष ठरत नाही. स्पेनमध्ये कॅस्टीलचा राजा दहावा अल्फोन्सो याने १२८३ मध्ये सिद्ध करविलेल्या खेळांच्या ग्रंथात हाच खेळ फाशांसह आणि फाशांविना अशा दोन्ही रीतींनी दिला आहे. पट तोच, त्याला काय जोडायचे हे खेळणारा ठरवितो. फाशाप्रमाणेच पैसाही बाहेरूनच येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यानेही पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, सरसकट निषिद्ध ठरविले. ‘हा तर बुद्धीचा खेळ’ ही सबब तेथे चालत नाही; ती घरातही चालू नये. रक्कम लहान असली तरी मूल त्यातून एकच गोष्ट शिकते : समोरच्याच्या हानीत आपला लाभ.

म्हणून या दीपावलीस पत्त्यांच्या जागी खडूचा पट मांडावा. पैजेची हौस असलीच, तर एवढी पुरे : हरलेल्याने पुढचा पट आखावा आणि जिंकलेल्याने त्याला त्याची चुकलेली चाल समजावून द्यावी.