अठरा आजार, अठरा मुखवटे

श्रीलंकेच्या नैऋत्य किनाऱ्यावरचं अंबलनगोडा हे मुखवट्यांचं गाव. हलक्या, मऊ कदुरू लाकडातून ते कोरले जातात. सन्नी यकुम या आजार घालवण्यासाठी रात्रभर चालणाऱ्या विधीत असे मुखवटे घालून अठरा आजारांचे अठरा यक्ष येतात. एका यक्षाचं तोंड तर पार एका बाजूला ओढलेलं! गंमत म्हणजे हे यक्ष नुसते घाबरवत नाहीत. ढोलवाल्याशी हुज्जत घालतात, पाचकळ विनोद करतात, रुग्णाला हसवतात आणि नैवेद्य घेऊन निघून जातात. मला हेच सगळ्यात भारी वाटतं.

मुखवटे घालूनच होणारं कोलम हे मात्र विधी नव्हे, नाट्य. दंतकथेनुसार गरोदर राणीचे डोहाळे पुरवायला ते सुरू झालं.

तिकडे गेलात तर दुकानाआधी अंबलनगोड्यातलं मुखवट्यांचं संग्रहालय बघा.