मोटारसायकलीचा घसरता क्लच : परीक्षा व दुरुस्ती

मोटारसायकल ही आतां शेतकऱ्याच्या घरची चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. दुधाचे कॅन डेअरीवर पोंचविणें, खताची गोणी शेतावर नेणें, पंप बिघडला असतां तालुक्यास धांव घेणें, हीं सर्व कामें आज तिच्यावरच चालतात. सबब ऐन पेरणींत ती अडली म्हणजे कामाचा खोळंबा होतो. तिच्या बिघाडांपैकीं वारंवार आढळणारा, परंतु पुष्कळदां चुकीचा ओळखला जाणारा बिघाड म्हणजे क्लच घसरणें हा होय. महसुली दप्तरांत कागद तपासल्यावांचून फेरफार मंजूर करीत नाहींत, त्याचप्रमाणें कारण ठरविल्यावांचून गाडीचा भाग बदलूं नये, असें आमचें वाचक बंधूंस सांगणें आहे.

क्लच हा इंजिन व गियर यांमधील दुवा आहे. आपल्याकडील १०० ते १५० सी. सी. च्या बहुतेक गाड्यांत तो उजव्या झांकणाच्या आंत, इंजिन ऑइलांत भिजलेला असतो. त्यांत घर्षणाच्या प्लेटा व पोलादी प्लेटा एकाआड एक रचलेल्या असून स्प्रिंगा त्यांस एकत्र दाबून धरतात. हा दाब आहे तोंवर सर्व प्लेटा एकजीव होऊन फिरतात. लिव्हर ओढली कीं दाब निघतो व त्या सुट्या होतात. लिव्हर सोडल्यावरही दाब पुरा बसत नसेल, अगर प्लेटांची पकड गेली असेल, तर इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोंचत नाहीं. यासच मेकॅनिक लोक ‘क्लच स्लिप मारतो’ असें म्हणतात.

परीक्षा सोपी आहे. मोकळ्या व सपाट रस्त्यावर वरच्या गियरमध्यें मध्यम वेग धरावा व ॲक्सिलरेटर एकदम वाढवावा. इंजिनाचा आवाज चढला, पण गाडीचा वेग त्या मानानें वाढला नाहीं, तर क्लच घसरतो असें समजावें. चढावर किंवा ओझें असतां हा दोष अधिक स्पष्ट दिसतो. जळका वास येणें व पेट्रोल जास्त लागणें हींही त्याचीं लक्षणें होत. याउलट ॲक्सिलरेटर वाढवूनही इंजिनाचा आवाजच चढत नसेल, तर दोष इंजिनाच्या ताकदीचा अगर अडकलेल्या ब्रेकचा असावा. चेन दांत्यांवरून उडत असेल तर खटखट होऊन झटके बसतात. हे भेद ध्यानांत न घेतल्यामुळें चांगला क्लच खोलला जातो व खरें दुखणें तसेंच राहतें.

क्लच घसरतो हें ठरल्यावर प्रथम केबल पाहावी, कारण त्यास पैसा लागत नाहीं. लिव्हरच्या टोकाशीं थोडी ढील असावयास पाहिजे. पुष्कळ गाड्यांच्या पुस्तिकांत ती १० ते २० मि. मी. सांगितलेली असते. ढील मुळींच नसेल तर केबल सदैव ताणलेली राहून प्लेटांवर पुरा दाब बसत नाहीं. ॲडजस्टर फिरवून ढील द्यावी. हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून ती कायम राहते कीं नाहीं तेंही पाहावें. केबल गंजून आंत अडकत असेल तर नवी घालावी. ढील फाजील मात्र ठेवूं नये. तसें केल्यास क्लच पुरता सुटत नाहीं व गियर खटकन् पडतात.

दुसरें कारण ऑइल. मोटारींच्या कांहीं ऑइलांत घर्षण कमी करणारीं द्रव्यें घातलेलीं असतात. तीं ऑइलांत भिजणाऱ्या क्लचास मारक होत. डब्यावर ‘जासो एम. ए.’ किंवा ‘एम. ए. २’ ही खूण पाहूनच ऑइल घ्यावें, ‘एम. बी.’ खुणेचें ऑइल बिनगियरच्या स्कूटरसाठीं असतें. ऑइल बदलल्यापासूनच क्लच घसरूं लागला असेल, तर तें काढून योग्य ऑइल भरावें व कांहीं दिवस गाडी चालवून पाहावी.

एवढ्यानें गुण न आल्यास मग झांकण उघडावें. इंजिन थंड असतां ऑइल काढावें. झांकणाचे बोल्ट लहानमोठे असतात, म्हणून पुठ्ठ्यास त्याच क्रमानें भोंकें पाडून त्यांत ते खोंचून ठेवावे. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून ढिले करावे. प्लेटा ज्या क्रमानें निघतात त्याच क्रमानें मांडून ठेवाव्या. घर्षणाच्या प्लेटेची जाडी व्हर्नियरनें मोजून पुस्तिकेंतील मर्यादेशीं ताडून पाहावी. पोलादी प्लेट सपाट कांचेवर ठेवून वांकली आहे काय तें तपासावें. निळी पडलेली अगर वांकलेली प्लेट बदलावी. स्प्रिंगांची लांबीही मोजावी. एक जरी खचली असेल तरी सर्व संच नवा घालावा. नव्या घर्षण-प्लेटा बसविण्यापूर्वीं रात्रभर इंजिन ऑइलांत भिजवाव्या. बोल्ट पुन्हां समोरासमोरचे, पुस्तिकेंत सांगितलेल्या जोरानेंच आवळावे. अधिक जोर केल्यास ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात. गॅस्केट नवें घालावें, ऑइल खुणेपर्यंत भरावें व शेवटीं केबलीची ढील पुन्हां लावावी. घासलेल्या प्लेटा कांचकागदानें खरवडून पुन्हां बसविणें हा उपाय टिकाऊ नव्हे, कारण गेलेली जाडी त्यानें परत येत नाहीं.

घसरता क्लच तसाच चालविणें हें मात्र सर्वांत महाग पडतें. घर्षणाच्या उष्णतेनें पोलादी प्लेटाही बिघडतात, प्लेटांचा चुरा ऑइलांत मिसळतो, व जेथें केबलीच्या चार फेऱ्यांनीं काम भागलें असतें तेथें सबंध संच घ्यावा लागतो. शिवाय भरल्या गाडीनें घाट चढतांना क्लचानें दगा दिल्यास गाडी मागें सरकून जिवावर बेतण्याचा संभव असतो.

नवा क्लच टिकावयाचा असल्यास लिव्हरवर बोटें ठेवून गाडी हांकण्याची संवय सोडावी. चढावर गाडी थांबवून धरावयाची तर ती ब्रेकनें धरावी, अर्ध्या क्लचवर नव्हे. ओझें बेताचें घालावें. बैलाच्या खांद्यास जूं कांचत नाहीं ना, हें आपण रोज पाहत आलों; तीच नजर या यंत्राकडे ठेविल्यास तें पुष्कळ वर्षें चाकरी देईल.