अर्धा इंच

सदाशिव पेठेतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात आठ कॉम्प्युटर होते आणि प्रिंटर एकच. पत्र छापायचं तर ते पेन ड्राइव्हवर घ्यायचं, पॅसेज ओलांडून प्रिंटर जोडलेल्या मशिनपाशी जायचं आणि तिथं बसलेल्याला उठवायचं. हरवू नये म्हणून त्या पेन ड्राइव्हला चक्क लाल करदोटा बांधलेला. एकाच अशिलाचा ताळेबंद तीन मशिनवर तीन तऱ्हेचा, आणि तिन्ही फायलींचं नाव ‘फायनल’. अशा ठिकाणी नेटवर्क येणार म्हटल्यावर मला ते बघायचंच होतं. 1973 साली झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली, तेव्हाही अनेक कॉम्प्युटरांनी मिळून वापरायचा एक लेझर प्रिंटर हेच निमित्त होतं. म्हणजे दुखणं जुनंच.

वायफायनं भागणार नव्हतं. इमारत म्हणजे जुन्या वाड्याचा उरलेला भाग, भिंती हातभर जाड. पुढच्या खोलीतला सिग्नल मागच्या खोलीत पोचेपर्यंत नावापुरताच उरायचा. त्यामुळे केबल ओढायची ठरली, आणि ती ओढायला मामा आले. सगळे त्यांना मामाच म्हणत होते. पूर्वी ते टेलिफोनच्या लाइनी टाकायचे.

ड्रिल लागलं की भिंतीतून चुन्याची, ओलसर मातीची धूळ उडे. दुपारी डबे उघडले तरी वास तोच. पट्ट्या ठोकल्या, विजेच्या वायरीपासून अंतर राखून केबल आत बसवली, कोपऱ्यात रॅक चढवून स्विच लावला. खरं काम त्यानंतर सुरू झालं, आणि ते बोटांच्या टोकावर मावेल एवढंच होतं.

केबलचं वरचं साल काढलं की आत आठ बारीक तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी पीळ घातलेली. मामांनी पीळ सोडला, स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्यावरून तारा सरळ केल्या आणि पुटपुटत लावल्या: व्हाइट-ऑरेंज, ऑरेंज, व्हाइट-ग्रीन, ब्लू, व्हाइट-ब्लू, ग्रीन, व्हाइट-ब्राउन, ब्राउन. एका रेषेत कापल्या. प्लगमध्ये सारल्या, प्लग डोळ्यांपाशी धरून आठही टोकं पुढं टेकलीत का पाहिलं, मग क्रिम्पिंग टूल दाबलं. कट्.

‘‘पीळ किती सोडायचा?’’ मी विचारलं.

‘‘अर्धा इंच. त्याच्यावर नाही. पीळ सुटला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येतं, फोनमध्ये यायचं ना, तसंच.’’

ऑरेंज, ब्लू अशा जोड्या ओळीनं का लावत नाहीत, हेही विचारलं. ग्रीनची जोडी फाकवून तिच्या मध्ये ब्लू बसवलेली असते. मधल्या दोन पिना टेलिफोनच्या, म्हणून तसं, असं मामा म्हणाले, आणि ते बरोबर आहे. बरेच जण दोन्ही टोकांना रंग सरळ ओळीनं लावतात. साध्या टेस्टरवर एक ते आठ दिवे शिस्तीत लागतात, पैसे घेऊन माणूस निघून जातो. पण तिसरी आणि सहावी तार आता वेगवेगळ्या जोड्यांतल्या असतात, पिळाचा उपयोगच संपतो. लांबच्या मशिनवर फाइल रखडायला लागली की शिव्या खातो तो कॉम्प्युटर.

साहेबांनी स्वस्तातली केबल आधीच आणून ठेवली होती. मामांनी तिची एक तार ब्लेडनं खरवडली. तांब्याचा रंग निघून आतून पांढरंफटक ॲल्युमिनियम दिसलं. दोनदा वाकवल्यावर तार तुटली. खोकं परत गेलं.

संध्याकाळी लॅपटॉप घेऊन इंजिनिअर आला. प्रिंटरला कुणीतरी कायमचा दिलेला पत्ताच राउटरनं एका मशिनलाही वाटला होता, त्यामुळे छपाई मध्येच थांबत होती. त्यानं प्रिंटरला वाटपाच्या बाहेरचा पत्ता दिला आणि प्रश्न मिटवला. टॅलीचा डेटा एका मशिनवर ठेवून सगळ्यांनी एकाच वेळी उघडायचा तर सिल्व्हर नव्हे, गोल्ड लायसन्स लागेल, हेही सांगितलं. साहेबांचा चेहरा पडला. तरीही पहिलं पान आपसूक छापून आलं तेव्हा टाळ्या मिळाल्या त्या इंजिनिअरलाच. मामा तेव्हा टेबलाखाली होते. वायरीच्या दोन्ही टोकांना आकडे लिहीत होते.

इंजिनिअरची फी साहेबांनी न बोलता दिली. घासाघीस झाली ती मामांशी, पॉइंटच्या दरावरून. एवढ्याशा प्लगचे एवढे पैसे?

‘‘प्लगचे नाहीत,’’ मामा म्हणाले, ‘‘अर्ध्या इंचाचे आहेत.’’ मग दोनशे रुपये सोडलेही. ‘‘पण उद्या दुसरा कुणी ही टोकं कापायला आला, तर आधी मला फोन करायचा.’’