प्लॅन एक, गावं दोन

आर्किटेक्टने कागद हातात दिला की बहुतेक घरांत आधी खोल्या मोजतात, मग देवघर ईशान्येला आलंय का ते बघतात, आणि लगेच एलिव्हेशनचं रंगीत चित्र मागतात. खुद्द प्लॅन वाचायचा राहूनच जातो. उदाहरणाला एक साधा प्लॅन घेऊ. दोन गुंठ्यांचा, म्हणजे २१७८ चौरस फुटांचा प्लॉट. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि आजी-आजोबांची खोली, वर दोन बेडरूम. हाच कागद आधी साताऱ्यात, मग सांगलीत ठेवून बघू.

पण त्याआधी मापं. बेडरूमवर ‘१० बाय ११’ लिहिलंय. हे आतलं मोकळं माप, की भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं? बाहेरची भिंत ९ इंची आणि आतली ६ इंची धरली, तर दुसऱ्या प्रकारात साडेसात इंच भिंतीच खातात. गिलावा झाल्यावर ११ फुटांचे जेमतेम सव्वादहा उरतात. त्यात साडेसहा फुटांचा पलंग आणि समोर दोन फूट खोल कपाट ठेवा. मधे राहतात पावणेदोन फूट. कपाटाचं दार उघडल्यावर माणसाने उभं कुठे राहायचं?

मग पेन्सिलने वाटा काढा. दारातून भाजीची पिशवी ओट्यापर्यंत कशी जाते, खरकटी भांडी घासायला कुठे नेतात, रात्री दोन वाजता आजी संडासला जाताना किती वळणं आणि किती उंबरे ओलांडते. हॉलच्या चारही भिंतींना दारं असतील तर सोफा टेकवायला जागा नाही आणि गौरी-गणपतीला आरास करायला कोपरा नाही. हॉलचा आकार मोठा दिसतो, पण त्यातला निम्मा नुसता रस्ताच असतो. माझ्या मते दोन फूट वाढवून मागण्यापेक्षा एक दार सरकवून घेणं केव्हाही स्वस्त.

आता सातारा. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या या गावात उताराचे प्लॉट पुष्कळ, आणि प्लॅन तर सपाट कागदावर काढलेला. म्हणून प्लॉटच्या चारही कोपऱ्यांच्या लेव्हल मागा. वरच्या अंगाची माती भिंतीला टेकत असेल तर त्या खोलीत ओल येणार. तिथे आजोबांचा पलंग नको. डोंगरावरून येणारं पाणी घराच्या मागे अडून न राहता बाजूने निघून जायला गटार कागदावरच दिसलं पाहिजे. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. त्या बाजूच्या खिडकीवर दीड फुटाचा छज्जा झड अडवत नाही. तो रुंद हवा, नाहीतर खिडकीच लहान करावी.

सांगलीत हाच प्लॅन वेगळा वाचावा लागतो, कारण तिथे पाणी खालून चढतं. प्लॉट पूररेषेच्या कुठल्या बाजूला आहे ते आधी पाहा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत नव्या घराला मनाई, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी. मग शेजाऱ्यांना विचारा, नदीवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट झाल्यावर या रस्त्यावर येतं? समजा, उत्तर आलं ५२. पुलाची धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. म्हणजे रस्त्यावर अंदाजे पाच फूट. प्लॅनमधलं दोन फुटांचं जोतं मग काय कामाचं? अशा ठिकाणी तळमजला पार्किंगला सोडून घर वर उचलणं बरं. ते जमत नसेल तर निदान विजेचा मीटर, इन्व्हर्टर आणि धान्याची कोठी वर न्या.

इथेच खरी अडचण येते. साताऱ्यात आजी-आजोबांची खोली खाली असणं ही या प्लॅनची सर्वांत चांगली गोष्ट, आणि सांगलीच्या नदीकाठच्या गल्लीत तीच सर्वांत वाईट. त्यांना वर न्यायचं तर जिना बदलतो. पायरी साडेसहा इंचांपेक्षा उंच नको, पाय ठेवायला दहा इंच हवेत, मधे विसाव्याचा चौथरा हवा आणि दोन्ही बाजूंना कठडा. असा जिना जागा खातो, आणि ती जागा हॉलमधून जाते. विश्रामबागकडच्या उंच भागात प्लॉट असेल तर कदाचित हा खटाटोप लागणारही नाही, पण तिथेही ते गृहीत धरू नका, विचारा.

वरच्या मजल्याचा कागद खालच्यावर धरून उजेडात बघा. कॉलमवर कॉलम येतात का? वरची भिंत खाली आधार नसताना हॉलच्या मधोमध उतरते का? ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सातारा जिल्ह्यातलाच. तेव्हा ही शंका स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायला संकोच नको.

शेवटी प्लॉटवर फक्की टाकून खोल्या आखून घ्या. एक सांगून ठेवतो: उघड्या जागेवर आखलेलं घर नेहमीच लहान दिसतं, आणि त्या धास्तीने ऐनवेळी भिंती सरकवणारे बरेच असतात. तसं वाटलं तर घरची खाट उचलून त्या चौकोनात टाका, दोघं-तिघं भोवती फिरून बघा, आणि मगच आर्किटेक्टला फोन करा.