पगार वाढतो, शिल्लक का उरत नाही

नोकरदार मध्यमवर्गीय कुटुंबाच्या मासिक खर्चाचे दोन भाग पडतात. एका भागात काटकसरीला जागा असते. भाजी कोणती घ्यायची, तेलाचा डबा आणायचा की पिशवी, कपडे आता घ्यायचे की दिवाळीला, हे घरात ठरवता येते. दुसऱ्या भागात ती सोय नसते. घराचा हप्ता किंवा भाडे, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी, विम्याचा हप्ता, वीजबिल या रकमा बाहेर कोणीतरी ठरवतो आणि पगार जमा झाल्यावर पहिल्या आठवड्यातच त्या खात्यातून जातात. महागाईची चर्चा होते ती बहुतेक पहिल्या भागाची. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ओढाताण वाढली आहे ती मुख्यतः दुसऱ्या भागामुळे.

मध्यमवर्ग म्हणजे नेमके कोण, याची सर्वमान्य सरकारी व्याख्या नाही. ‘प्राइस’ या संशोधन संस्थेने वर्षाला ५ ते ३० लाख रुपये उत्पन्न असलेली कुटुंबे त्यात धरली आहेत. हा पट्टा फारच रुंद आहे. महिन्याला ४५ हजारांत बदलापूरला संसार करणारे कुटुंब आणि दोन लाखांत कोथरूडला राहणारे कुटुंब एकाच नावाखाली येतात. महिनाअखेरीचा प्रश्न या पट्ट्याच्या खालच्या अर्ध्यातला आहे.

स्वयंपाकघरातली महागाई सगळ्यांत जास्त बोलली जाते, कारण ती रोज भेटते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो अनेक शहरांत किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला आणि त्या महिन्यात किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्के होता. नवे पीक आल्यावर काही आठवड्यांतच भाव कोसळला. कांद्याचे चक्रही ठरलेले आहे. चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा संपत येतो, खरिपाचा लाल कांदा पावसात सापडतो, आणि त्या मधल्या काळात दर चढतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठली. शहरातल्या ग्राहकाला मिळालेल्या या दिलाशाची किंमत लासलगावच्या बाजारात माल आणणाऱ्या शेतकऱ्याने मोजली, हे शहरात क्वचितच लक्षात घेतले जाते.

खाद्यतेल आणि गॅसची गोष्ट वेगळी आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आयात होते. त्यामुळे इंडोनेशियाने एप्रिल २०२२ मध्ये पामतेलाची निर्यात रोखल्याचा परिणाम इथल्या वाण्याच्या दुकानापर्यंत आला. घरगुती सिलिंडरवरचे बँकेत जमा होणारे अनुदान २०२० मध्ये बहुतेक ग्राहकांसाठी बंद झाले. मुंबईत १४.२ किलोचा सिलिंडर मार्च २०२३ मध्ये अकराशे रुपयांच्या वर गेला होता. पुढच्या वर्षभरात दोन कपाती होऊन तो आठशेच्या आसपास आला.

महाराष्ट्रात घरखर्चाचा प्रश्न रस्त्यावर आला तो १९७२च्या दुष्काळानंतर. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती लाटणे मोर्चांमुळे घराघरांत पोचली. मागण्या धान्य, तेल, साखर, रॉकेल यांच्याच होत्या, आणि ते स्वाभाविक होते. १९७२-७३च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरी कुटुंबांच्या खर्चातला ६० टक्क्यांहून अधिक वाटा अन्नाचा होता. २०२३-२४च्या पाहणीत तो ४० टक्क्यांच्या खाली आला. आज लाटणे घेऊन मोर्चा काढायचा तर कोणाच्या दारात, हा खरा पेच आहे. बँक, शाळा, रुग्णालय आणि बिल्डर या चौघांच्या दारांत एकाच दिवशी जाता येत नाही.

सरकारी आकडा आणि घरातला अनुभव जुळत नाही, ही तक्रारही इथूनच येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर अवघा ०.२५ टक्के नोंदला गेला. अन्नपदार्थ आदल्या वर्षाच्या तुलनेत ५ टक्क्यांनी स्वस्त झाले होते. आकडा खोटा नव्हता. पण महागाईचा दर कमी होणे म्हणजे किमती खाली येणे नव्हे. १०० रुपयांची वस्तू १०७ झाली आणि पुढच्या वर्षी १०७वरच थांबली, तर महागाईचा दर शून्य होतो, वरचे ७ रुपये मात्र कायमचे जातात. शिवाय त्या वेळचा निर्देशांक २०१२ हे पायाभूत वर्ष धरून बनलेला होता. त्यात अन्न आणि पेयांना सुमारे ४६ टक्के वजन होते, तर शिक्षणाला साडेचार टक्क्यांच्या आसपास. दोन मुले इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत असलेल्या घराचे हिशेब या वजनांशी जुळणे शक्यच नव्हते. घराच्या खर्चापैकी भाडे त्यात मोजले जाई. गृहकर्जाचा हप्ता मोजलाच जात नसे.

हा हप्ता कसा फुगतो ते पाहण्यासारखे आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची तरत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेली असल्याने ही वाढ थेट कर्जदारावर आली. ३० लाखांचे, २० वर्षांचे कर्ज ६.७ टक्क्यांनी घेतले असेल तर हप्ता सुमारे २२,७०० रुपये बसतो. तोच दर ९.२ टक्के झाला की हप्ता २७,४००च्या घरात जातो. बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात आणि कर्जदाराला सुटल्यासारखे वाटते. पण ९.२ टक्क्यांनी ३० लाखांचे महिन्याचे नुसते व्याजच २३,००० रुपये होते. म्हणजे जुन्या हप्त्यात व्याजसुद्धा फिटत नाही, मुद्दल तर दूरच. नव्या कर्जदाराची मुदत वाढवून भागत नाही, हप्ता वाढवावाच लागतो. दर उतरतात तेव्हा हप्ता लगेच कमी करून मागणारे थोडे. मुदत कमी होते आणि महिन्याचा ताण तसाच राहतो.

घराच्या किमती मध्यमवर्गाला शहराबाहेर ढकलतात, आणि बाहेर गेले की प्रवास वाढतो. गिरगाव-दादरची मराठी कुटुंबे डोंबिवली, विरार, बदलापूरकडे गेली त्याला लोकलचा स्वस्त पास हा मोठा आधार होता. जुलै २०२५च्या रेल्वे भाडेवाढीतूनही उपनगरी गाड्या वगळल्या गेल्या. स्टेशनच्या अलीकडचा आणि पलीकडचा प्रवास मात्र महागला. मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले आणि त्याआधी फेब्रुवारीत रिक्षाचे २३ वरून २६. पुण्यात लोकलचा असा आधारही तुटपुंजा, म्हणून तिथे दुचाकीचे पेट्रोल हा घरखर्चातला स्वतंत्र रकाना असतो.

शाळेच्या फीबाबत राज्यात २०११चा शुल्क विनियमन कायदा आहे. ठरलेली फी दोन वर्षे बदलता येत नाही. तरीही दर दोन वर्षांनी १५ टक्के वाढ धरली, तर पहिलीला ५० हजार असलेली फी दहावीपर्यंत ८७ हजारांवर जाते. बस, गणवेश, पुस्तके, क्लास हे वेगळेच. महापालिकेच्या किंवा अनुदानित मराठी शाळेत घातले तर हा खर्च जवळजवळ नाहीसा होतो. पण ज्या पालकांनी स्वतः त्याच शाळांतून शिकून नोकऱ्या मिळवल्या, त्यांनाच आता तो पर्याय वाटत नाही. सरकारी रुग्णालयांचे आणि एसटीचेही थोडेफार असेच झाले. पूर्वी जी सेवा कराच्या पैशातून मिळत असे, ती हे घर आता कर भरून झाल्यावर पुन्हा विकत घेते. मध्यमवर्गाच्या तंगीतला सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी चर्चिला जाणारा भाग हाच आहे.

आजारपणाचा खर्च महिन्याच्या वहीत बसत नाही, तो आला की वहीच उलटतो. देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट खिशातून भरली. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते. सुधारणा मोठी आहे, पण विम्याचा हप्ता वयाबरोबर चढत जातो. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला, एवढा भार हलका झाला.

उत्पन्नाची बाजूही सगळ्यांची सारखी नाही. सरकारी कर्मचाऱ्याला वर्षातून दोनदा निर्देशांकानुसार महागाई भत्ता वाढवून मिळतो. खासगी नोकरीत अशी आपोआप वाढ नसते, आणि कंत्राटी नोकरीत तर करार नव्याने होतो तेव्हा पगार तोच राहिला तरी नशीब. नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या बोनस कायद्याची वेतनमर्यादा महिना २१ हजार रुपये असल्याने त्यावरच्या पगारदाराला दिवाळीचा बोनस हक्क म्हणून मागता येत नव्हता. स्वस्त धान्यही नाही: वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या वर गेले की शिधापत्रिका पांढरी होते, आणि ही मर्यादा गेल्या शतकाअखेरीस ठरलेली आहे. २०२५च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत पगारदाराचे पावणेतेरा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले. पाच-सहा लाख कमावणारे त्याआधीही कर भरत नव्हते, त्यामुळे ५ ते ३० लाखांच्या पट्ट्याच्या तळाला त्यातून काही मिळाले नाही.

तूट भरून निघते ती बचतीतून आणि उसनवारीतून. कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत २०२०-२१ मध्ये देशाच्या सकल उत्पन्नाच्या ११ टक्क्यांहून अधिक होती. २०२२-२३ मध्ये ती ५ टक्क्यांच्या आसपास घसरली. पहिले वर्ष टाळेबंदीचे होते, तेव्हा खर्चच बंद होता, हे खरे. तरी दुसरा आकडा अनेक दशकांतला नीचांकी होता. पूर्वी अडचणीला कचेरीची पतपेढी आणि शेजारणींची भिशी असे. भिशी अजूनही चालते, पण कर्जाला तारण म्हणून आता बहुतेकदा बांगड्या आणि मंगळसूत्र बँकेत जाते, आणि फ्रिज-मोबाइल ‘शून्य व्याजा’च्या हप्त्यावर येतो. निवृत्तांना व्याजाचा आणि पेन्शनचा आधारही कमी. पीपीएफवर २००० सालापर्यंत १२ टक्के व्याज मिळत असे, एप्रिल २०२० पासून ते ७.१ टक्के आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतली किमान पेन्शन २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरली.