घरातली फायरवॉल

फायरवॉल म्हणजे संगणक आणि बाहेरचे जाळे यांच्यामध्ये बसून ये-जा तपासणारी व्यवस्था. इंटरनेटवरची माहिती लहान लहान पॅकेटांमधून प्रवास करते. पॅकेट कुठून निघाले, कुठे जायचे आहे आणि तिथल्या संगणकाच्या कोणत्या पोर्टवर पोचायचे आहे, हे त्याच्यावरच लिहिलेले असते. पोर्ट म्हणजे क्रमांक घातलेले दार. अशी ६५ हजारांहून अधिक दारे प्रत्येक संगणकाला असतात. बँकेचे संकेतस्थळ ४४३ क्रमांकावरून बोलते, विंडोजमधली फायलींची देवाणघेवाण ४४५ वरून होते. फायरवॉल पॅकेटावरचा मजकूर वाचून ते सोडायचे की अडवायचे, हे ठरवते. घरासाठी मूळ नियम एकच पुरतो: मागवलेले आत येऊ द्यायचे, न मागता आलेले दारातच थांबवायचे. त्यासाठी बाहेर गेलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद ठेवली जाते आणि त्या नोंदीशी जुळणारे उत्तरच आत सोडले जाते.

मुंबईच्या उपनगरांत या नियमाची गरज केबलच्या इंटरनेटने दाखवून दिली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा जोडणी फोनच्या तारेवरून व्हायची. फोनचे बिल चढायचे, म्हणून काम झाले की लोक जोडणी तोडून टाकत. पुढे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या इमारतींमध्ये केबलवाल्याची लॅनची वायर आली. ती या गच्चीवरून त्या गच्चीवर जायची, तिथून जिन्यातल्या पेटीतल्या स्विचमध्ये आणि तिथून खिडकीच्या फटीतून थेट संगणकाच्या पाठीत. मध्ये राउटर बहुधा नसेच. त्यामुळे अख्खी बिल्डिंग, कधी शेजारच्या दोन-चार बिल्डिंगाही, एकाच स्थानिक जाळ्यात असत. विंडोज ९८ मधले ‘नेटवर्क नेबरहूड’ उघडले की वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचे फोल्डर दिसायचे. फाइल शेअरिंग चालू राहिलेले आणि पासवर्ड नाही, अशा संगणकावरची गाणी, लग्नाचे फोटो, घरचे हिशेब सगळे शेजाऱ्यांसमोर उघडे. धोका दूरदेशीच्या हॅकरकडूनच येतो ही समजूत इथेच चुकते. एका स्विचवरचा एक संगणक बिघडला की बाकीचे त्याच्या हाताच्या अंतरावर असतात.

अशी जाळी ११ ऑगस्ट २००३ पासून पसरलेल्या ब्लास्टर या किड्याला फार सोयीची होती. तो पोर्ट १३५ वरून विंडोज एक्सपी आणि विंडोज २००० मध्ये शिरत असे. ई-मेल उघडायला नको, कशावर क्लिक करायला नको. संगणक नुसता जोडलेला असला तरी पुरे. पडद्यावर ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि संगणक बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. मायक्रोसॉफ्टने यावरची दुरुस्ती १६ जुलैलाच दिली होती. पण ती उतरवून घ्यायला नेटवर जावे लागे, आणि नेटवर गेले की पुन्हा तीच मोजणी. यातून सुटण्याची वाट एक्सपीमध्येच होती. त्यात २००१ पासून फायरवॉल होती, फक्त ती बंद ठेवलेली असे. ती हाताने चालू केली की दुरुस्ती उतरवण्याइतकी उसंत मिळायची. ऑगस्ट २००४ मधल्या सर्व्हिस पॅक २ पासून ती आपोआप चालू राहू लागली. घरच्या संगणकाच्या सुरक्षिततेत इतका मोठा फरक दुकानातून आणलेल्या क्वचितच एखाद्या वस्तूने पाडला असेल.

आज उपनगरातल्या घरात फायबर किंवा केबलची जोडणी राउटरमध्ये येते. घरातल्या सगळ्या उपकरणांना राउटर १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते देतो आणि बाहेर एकच पत्ता दाखवतो. त्यामुळे न मागता आलेले पॅकेट कोणाकडे द्यायचे हेच त्याला ठाऊक नसते आणि ते तिथेच गळते. ही पहिली फायरवॉल. संगणकातली विंडोजची ही दुसरी. म्हणजे तिसरीसाठी पैसे मोजण्यापूर्वी या दोन धडपणे चालू आहेत का, हे पाहायला हवे, आणि बहुतेक घरांत निवड इथेच संपते.

राउटरकडे मात्र कोणी ढुंकून पाहत नाही. जोडणी करणारा मुलगा तो भिंतीला ठोकून, वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून देऊन निघून जातो. राउटर उलटा केला की खालच्या स्टिकरवर आणखी एक नाव आणि पासवर्ड सापडतो. तो वायफायचा नव्हे, राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. अनेक जुन्या राउटरवर दोन्ही ठिकाणी ‘अ‍ॅडमिन’ हाच शब्द असतो. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रामने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर कारखान्यातून आलेले असलेच पासवर्ड वापरून ताब्यात घेतले. म्हणून हा पासवर्ड बदलणे हे पहिले काम. बाहेरून राउटर हाताळू देणारी ‘रिमोट मॅनेजमेंट’ची सोय आणि बटण दाबून वायफाय जोडणारी ‘डब्ल्यूपीएस’ बंद करावी. ‘यूपीएनपी’ ही सोय घरातल्या कोणत्याही उपकरणाला परस्पर बाहेरचे दार उघडू देते. खेळांसाठी ती लागत नसेल तर तीही बंद बरी. नव्या जोडण्यांवर आयपीव्ही६ हे नवे पत्ते मिळतात. त्यात प्रत्येक उपकरणाला जगाला दिसू शकणारा स्वतःचा पत्ता असतो, म्हणजे वर सांगितलेला खासगी पत्त्यांचा आडोसा उरत नाही. अशा वेळी राउटरमधली आयपीव्ही६ ची फायरवॉल चालू असल्याची खात्री करून घ्यावी.

विंडोजची फायरवॉल जाळ्याचे प्रकार पाडते. त्यांतले घरच्या वापरात येणारे दोन म्हणजे ‘प्रायव्हेट’ आणि ‘पब्लिक’. पहिल्या प्रकारात घरातले संगणक आणि प्रिंटर एकमेकांना दिसतात, दुसऱ्यात संगणक स्वतःला लपवतो. स्थानकावरचे मोफत वायफाय, कॉफीच्या दुकानातले किंवा सोसायटीच्या हॉलमधले वायफाय नेहमी ‘पब्लिक’च ठेवावे. एखादा प्रोग्राम बाहेरून जोडणी स्वीकारू पाहतो तेव्हा विंडोज चौकट उघडून परवानगी विचारते. घाईत ‘अलाऊ’ दाबण्याची सवय याच चौकटीने लावली आहे. प्रोग्राम ओळखीचा नसेल तर ‘कॅन्सल’ दाबावे. एखादे काम अडलेच तर परवानगी नंतरही देता येते.

संगणकाची स्वतःची फायरवॉल का हवी, याचे मोठे उदाहरण मुंबईसमोरच्या किनाऱ्यावर घडले. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या हल्ल्यामुळे जवाहरलाल नेहरू बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम अडले. हा प्रोग्राम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आला आणि आतल्या जाळ्यात या संगणकावरून त्या संगणकावर पसरला. वेशीवरची भिंत आतल्या पसरणीला थोपवू शकत नाही. घरात हेच काम मुलाच्या लॅपटॉपमधला फुकटचा खेळ करू शकतो.

वेगळी फायरवॉल कोणी घ्यावी? घाटकोपरमध्ये घरूनच जीएसटीची कामे करणाऱ्या सल्लागाराकडे इतरांची कागदपत्रे असतात. कोणता प्रोग्राम गुपचूप काय बाहेर पाठवतो, हे त्याला कळायला हवे. विंडोजची फायरवॉल बाहेर जाणारी वाहतूक सहसा अडवत नाही. ग्लासवायरसारखा प्रोग्राम ही वाहतूक डोळ्यांना दाखवतो. कैलाश आणि संजय काटकर या भावांनी पुण्यात उभ्या केलेल्या क्विक हीलसह अनेक कंपन्यांच्या ‘टोटल सिक्युरिटी’ प्रकारच्या संचात फायरवॉल अँटिव्हायरसबरोबरच येते. असा संच घेतला तर विंडोजची किंवा त्याची, कोणतीतरी एकच फायरवॉल ठेवावी. दोन्ही चालवल्या की प्रिंटर गायब होतो, नेट रखडते आणि शेवटी वैतागून घरातले कोणीतरी दोन्ही बंद करते. मॅकमध्ये फायरवॉल असते, पण ती चालू आहे ना हे सेटिंगमध्ये जाऊन तपासावे लागते. उबुंटूवर ‘यूएफडब्ल्यू’ स्वतः चालू करावी लागते. हजारो रुपयांची वेगळी फायरवॉल पेटी दोन खोल्यांच्या घराला लागत नाही. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. दुरुस्त्या न मिळणारा संगणक वापरत असाल, तर फायरवॉलचे पैसे नव्या विंडोजकडे वळवलेले बरे.

फायरवॉलला जे जमत नाही, तेच आज सर्वाधिक महागात पडते. ‘केवायसी संपले’, ‘आज रात्री वीज तोडू’ असे सांगणारा माणूस दुरून फोन किंवा संगणक हाताळू देणारे एनीडेस्कसारखे अ‍ॅप उतरवायला लावतो. अशा अ‍ॅपबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते. ही जोडणी आतून, मालकाच्या हाताने सुरू झालेली असते. फायरवॉलच्या नोंदीत ती मागवलेलीच ठरते आणि तिला वाट मिळते. असे घडल्याचे लक्षात येताच आधी राउटरची पिन सॉकेटमधून काढावी, फोन किंवा लॅपटॉपवरचे मोबाइल नेटही बंद करावे आणि दुसऱ्या फोनवरून सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक लावावा.